आपल्याच रक्ताशी वैर

कोल्हापूरच्या रेल्वे स्थानकाबाहेर पडले की थोड्याच अंतरावर शाहूपुरीच्या गल्ल्या सुरू होतात. यांतील बहुतेक गल्ल्या पहिली, दुसरी, तिसरी अशा क्रमांकांनीच ओळखल्या जातात. १८९१ साली मिरजेहून आगगाडी कोल्हापुरात आली आणि त्यानंतर चारच वर्षांनी, १८९५ मध्ये, राजर्षी शाहू महाराजांनी येथे नवी व्यापारपेठ वसविली. पंचगंगेच्या खोऱ्यातील गूळ या पेठेतून दूरदूरच्या बाजारांत गेला. गुळाचे सौदे कालांतराने मार्केट यार्डात गेले. परंतु पेढ्या, गोदामे आणि कुंभार गल्लीत आषाढापासूनच आकार घेऊ लागणाऱ्या गणेशमूर्ती यांमुळे शाहूपुरीचा गजबजाट काही ओसरला नाही.

या पेठेचा इतिहास सांगणारे गुळाचा आणि कुस्तीचा इतिहास सांगतात. आम्ही येथे जो इतिहास सांगू इच्छितो, तो रक्ताचा आहे. त्याची सुरुवात आमच्या एका शेजाऱ्यापासून करावी लागेल. त्यांच्या अनुमतीने, मात्र नाव आणि गल्लीचा क्रमांक वगळून, ही हकीकत येथे देत आहोत.

हे गृहस्थ एका पेढीवर दिवाणजी होते. अक्षर मोत्यासारखे, हिशेब चोख, बोलणे मोजके. २००६ साली त्यांना दीर्घकाळ ताप येऊ लागला, वजन घटले आणि अखेर रक्ततपासणीत एचआयव्हीची बाधा निष्पन्न झाली. त्यांच्या सीडी-४ पेशींची संख्या शंभराच्याही खाली गेली होती. सरकारी केंद्रातून तीन औषधांच्या एकत्रित गोळ्या सुरू झाल्या. पहिल्या महिन्यात ताप गेला, भूक लागली, घरात पुन्हा हसण्याबोलण्याचे आवाज येऊ लागले. दुसऱ्या महिन्यात मात्र दिवाणजींचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला. जिना चढताना धाप लागू लागली. डोळे पिवळे झाले आणि लघवीचा रंग काळ्या चहासारखा दिसू लागला.

वहिनींनी एके दिवशी दार लोटून घेत आम्हाला सांगितले, "गोळ्या सुरू केल्यापासनंच यांचा रंग उडालाय बघा. औषध बाधलंय. नकोतच त्या गोळ्या." गोळ्यांची बाटली तांदळाच्या डब्यात गेली. शेजाऱ्यांना कावीळ झाल्याचे सांगण्यात आले आणि दिवाणजींना काविळीच्या गावठी औषधासाठी एका खेड्यात नेण्यात आले. गळ्यात माळ घालून ते परत आले. माळ लांबेल तशी कावीळ उतरते, असा आपल्याकडे समज आहे. माळ लांबत राहिली आणि रक्त घटत राहिले.

ज्या औषधाने शरीराला नवी शक्ती द्यावी, ते सुरू झाल्यावरच शरीरातील रक्त का नाहीसे व्हावे? वहिनींचा हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. जगातील नामांकित वैद्यांनाही तो पडला होता, आणि त्याचे उत्तर मिळण्यास जवळजवळ एक शतक लागले.

घरभेदी पहारेकरी

शाहूपुरी वसत होती त्याच सुमारास युरोपात रोगप्रतिकारशक्तीचे शास्त्र आकाराला येत होते. शरीर परक्या जंतूंविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते, हे कळून चुकले होते. मग तेच शरीर स्वतःच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे का तयार करीत नाही? जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी १९०१ च्या सुमारास या प्रश्नाला एक लॅटिन नाव दिले : 'हॉरर ऑटोटॉक्सिकस', म्हणजे स्वतःच्या विषाचे भय. शरीराला आत्मघाताची अशी उपजत भीती असते आणि म्हणूनच ते स्वतःवर शस्त्र चालवीत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. या विधानाचा प्रभाव एवढा पडला की, त्याला छेद देणाऱ्या पुराव्यांकडे शास्त्रज्ञांनी पुढील कित्येक दशके फारसे लक्ष दिले नाही.

पहिला पुरावा रक्तातूनच आला. रक्तगटांचा शोध लावणारे कार्ल लँडस्टायनर आणि त्यांचे सहकारी युलिउस डोनाथ यांनी १९०४ साली दाखवून दिले की, थंडी लागताच लघवीतून रक्तद्रव्य जाणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तात, त्यांच्याच तांबड्या पेशी फोडणारा एक घटक असतो. पहारेकरी घरच्या माणसावर वार करू शकतो, याची ही पहिली निःसंदिग्ध नोंद होय.

परंतु पहारेकऱ्याचा हात पकडावा कसा? तांबड्या पेशीला चिकटलेले प्रतिपिंड सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही. १९४५ साली केंब्रिज येथील रॉबिन कूम्ब्स यांनी, आर्थर मूरंट आणि रॉबर्ट रेस यांच्या साहाय्याने, यावर एक साधी युक्ती काढली. मानवी प्रतिपिंडांना ओळखणारा द्रव रुग्णाच्या तांबड्या पेशींवर टाकावयाचा. पेशींवर प्रतिपिंडे बसलेली असतील तर त्या एकमेकींना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात, नसतील तर होत नाहीत. हीच ती कूम्ब्स चाचणी. आज जिल्ह्याच्या ठिकाणच्या रक्तपेढीतही ती होते, आणि आमच्या हकीकतीत तिचे स्थान पुढे येणारच आहे.

तांबड्या पेशींबरोबर रक्तात प्लेटलेट नावाचे सूक्ष्म कण असतात. जखम झाली असता रक्त थांबविण्याचे काम ते करतात. काही रुग्णांत हे कण विनाकारण घटतात, अंगावर जांभळे ठिपके उमटतात, हिरड्यांतून रक्त येते. अमेरिकेतील सेंट लुइस येथे विल्यम हॅरिंग्टन या तरुण वैद्याला संशय आला की, यामागेही रक्तातीलच एखादा विनाशक घटक असावा. १९५० साली त्याने अशा एका रुग्ण स्त्रीचे सुमारे अर्धा लिटर रक्त स्वतःच्या शिरेत घेतले. काही तासांतच त्याच्या प्लेटलेट जवळजवळ नाहीशा झाल्या, त्याला झटका आला आणि तो मरणाच्या दारातून परतला. काही दिवसांत त्याचे रक्त पूर्ववत झाले. आज कोणतीही नीतिसमिती अशा प्रयोगाला परवानगी देणार नाही. परंतु या एका धाडसाने सिद्ध झाले की, दोष प्लेटलेट बनविणाऱ्या अस्थिमज्जेत नसून रक्तद्रवात फिरणाऱ्या मारेकऱ्यात आहे.

कारखान्यात माल कमी तयार होणे आणि तयार मालाची वाटेत लूट होणे, हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा. दिवाणजींच्या प्राणाचा प्रश्न पुढे याच भेदावर येऊन ठेपला.

विषाणूच्या आधी आलेली वार्ता

एड्सचे पहिले रुग्ण अमेरिकेत १९८१ च्या जूनमध्ये नोंदले गेले. त्यास कारणीभूत असलेला विषाणू पॅरिस येथील फ्रान्स्वाज बारे-सिनुसी व लुक माँतान्ये यांच्या प्रयोगशाळेत १९८३ साली सापडला. परंतु या दोन घटनांच्या मध्ये, १९८२ साली, न्यूयॉर्कमधील वैद्यांनी एक विलक्षण निरीक्षण प्रसिद्ध केले होते. ज्या समाजगटात हा नवा रोग दिसत होता, त्याच गटातील काही तरुणांच्या प्लेटलेट स्वतःच्याच प्रतिकारशक्तीकडून नष्ट होत होत्या. विषाणूला अजून नाव मिळावयाचे होते. रक्ताने मात्र त्याची वर्दी आधीच दिली होती.

येथे एक विरोधाभास दिसतो. ज्या रोगात प्रतिकारशक्ती लयाला जाते, त्यातच ती स्वतःवर हल्ला कशी करते? याचे उत्तर असे की, एचआयव्ही सर्व प्रतिकारशक्ती सारखीच मारीत नाही. तो मुख्यतः सीडी-४ पेशींना मारतो. आणि या पेशी म्हणजे केवळ शिपाई नव्हेत, तर सैन्याला हुकूम देणारे व आवरणारे नाईकही त्यांच्यात असतात. नाईक पडले की प्रतिपिंडे बनविणाऱ्या पेशी बेबंद होतात आणि भारंभार प्रतिपिंडे ओतू लागतात. त्यांतील काही विषाणूसाठी बनलेली असूनही, साम्यामुळे, प्लेटलेटवरील एखाद्या अंशाला चिकटतात. कूम्ब्स चाचणीही पुष्कळ एचआयव्हीबाधितांत सकारात्मक येते. त्यांपैकी प्रत्यक्ष रक्तनाश होतो तो मात्र थोड्यांचाच.

१९८७ च्या मार्चमध्ये झिडोवुडीन हे एचआयव्हीवरील पहिले औषध अमेरिकेत मान्य झाले आणि रक्ताच्या कथेला दोन तोंडे फुटली. पहिले तोंड दुःखद होते. मान्यतेचा आधार ठरलेल्या चाचणीत औषध घेणाऱ्यांपैकी २४ टक्के रुग्णांचे हिमोग्लोबिन ७.५ ग्रॅमच्या खाली गेले. बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ४ टक्के होते. २१ टक्के रुग्णांना वारंवार रक्त द्यावे लागले. त्या काळी औषधाची मात्रा आजच्या अडीचपट होती, हेही येथे सांगितले पाहिजे. झिडोवुडीन अस्थिमज्जेतील वाढत्या पेशींना दाबून टाकते, म्हणजे कारखानाच मंद करते.

दुसरे तोंड आशेचे होते. १९८८ साली स्विस वैद्यांनी दाखविले की, ज्यांच्या प्लेटलेट एचआयव्हीमुळे घटल्या होत्या, त्यांच्यात हेच झिडोवुडीन दिल्यावर त्या वाढल्या. विषाणू आवरला की प्लेटलेटची लूट थांबते. एकच औषध एका पेशीला मारक आणि दुसरीला तारक ठरत होते. 'औषध बाधले' आणि 'औषध लागू पडले' ही दोन वाक्ये एकाच रुग्णाबाबत एकाच वेळी खरी असू शकतात, हा या शोधाचा धडा होता.

परतलेले सैन्य

१९९६ साली कॅनडातील व्हँकूव्हर येथे भरलेल्या जागतिक परिषदेत तीन औषधांच्या एकत्रित उपचाराचे निष्कर्ष मांडण्यात आले. मरणोन्मुख माणसे उठून कामावर जाऊ लागली. परंतु त्याच वर्षांत वैद्यांच्या ध्यानात आले की, उपचार सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत काही रुग्ण अकस्मात अधिक आजारी पडतात. विषाणू घटलेला असतो, सीडी-४ वाढत असतात, आणि तरीही गाठी सुजतात, ताप चढतो. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील मार्टिन फ्रेंच व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे रुग्ण १९९२ मध्येच, एकट्या झिडोवुडीनच्या काळात, नोंदले होते. अंगात लपलेल्या जंतूंची जाणीव परतलेल्या सैन्याला उशिरा होते आणि मग ते एकदम तुटून पडते, असा त्याचा अर्थ होता. आपल्या देशात अशा प्रसंगी बहुतेक वेळा क्षयाचे जंतू सापडतात.

मात्र परतलेले सैन्य नेहमी शत्रूवरच चालून जाते असे नाही. १९९८ साली फ्रेंच वैद्यांनी, उपचारानंतर दीर्घकाळाने कंठग्रंथीवर प्रतिकारशक्तीचा हल्ला झाल्याचे रुग्ण वर्णन केले. तसेच रक्ताचेही झाले. उपचार सुरू केल्यावर कोणाच्या तांबड्या पेशी फुटू लागल्या, तर कोणाच्या प्लेटलेट कोसळल्या. असे रुग्ण विरळा असतात, म्हणून त्यांच्या नोंदी एकेकट्या प्रसिद्ध होत गेल्या. कारणमीमांसा साधारण अशी मांडली जाते : सैन्य परतते तेव्हा शिपाई आधी येतात आणि त्यांना आवर घालणारे नाईक मागाहून येतात. या मधल्या काळात, जी प्रतिपिंडे बनविण्याचे बळ शरीरात उरले नव्हते, ती पुन्हा बनू लागतात. आणि त्यांत स्वतःच्या रक्ताला शत्रू समजणारीही असू शकतात. सीडी-४ संख्या जितकी खाली गेल्यावर उपचार सुरू होतो, तितका हा गोंधळ अधिक संभवतो.

दरिद्री देशातील स्वस्त गोळी

भारतात एचआयव्हीची बाधा प्रथम १९८६ साली चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन व त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांच्या परिश्रमाने उघडकीस आली. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी आमच्या शेजारच्या सांगलीत मीना सेषू यांच्या पुढाकाराने 'संग्राम' संस्थेचे काम सुरू झाले. महामार्ग, ऊसतोडणी, कारखाने आणि मुंबईशी असलेली ये-जा यांमुळे दक्षिण महाराष्ट्रात या रोगाने खोल पाय रोवले होते. औषध मात्र श्रीमंतांच्याही आवाक्याबाहेर होते. तीन औषधांचा वर्षाचा खर्च पाश्चात्त्य देशांत दहा हजार डॉलरच्या घरात होता.

ही कोंडी फुटली ती मुंबईत. २००१ च्या फेब्रुवारीत सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी हीच तीन औषधे एका सेवाभावी आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संघटनेला वर्षाला ३५० डॉलर, म्हणजे दिवसाला एका डॉलरहूनही कमी दरात, देऊ केली. १ एप्रिल २००४ रोजी केंद्र शासनाने निवडक सरकारी रुग्णालयांत मोफत उपचार सुरू केला, मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्यांतील एक होते. पुढे ही केंद्रे जिल्ह्याजिल्ह्यांत उघडली. कोल्हापुरात एके काळी आल्बर्ट एडवर्ड या नावाने ओळखले जाणारे आणि आज छत्रपती प्रमिलाराजे यांचे नाव धारण करणारे रुग्णालय, ज्याला सारे गाव 'सीपीआर' म्हणते, तेथेही हा उपचार मिळू लागला.

या उपचाराचे ऋण शब्दांत सांगता येणार नाही. पण त्याच्या सुरुवातीच्या वर्षांतील दोन मर्यादा इतिहासात नोंदवाव्या लागतील. प्रथम, सीडी-४ संख्या २०० च्या खाली गेल्यावरच बहुतेकांना औषध सुरू होई. म्हणजे ज्यांच्यात परतीच्या सैन्याचा गोंधळ सर्वाधिक संभवतो, असेच रुग्ण केंद्रांत येत. दुसरे असे की, गोळीत लॅमिवुडीन व नेव्हिरॅपीन यांच्या जोडीला झिडोवुडीन असे, आणि हिमोग्लोबिन आधीच कमी असल्यास त्याऐवजी स्टॅव्ह्युडीन. आपल्याकडे अर्धपोटी स्त्रिया आणि जंत, हिवताप, क्षय यांनी पिडलेले पुरुष मुळातच रक्तक्षीण. त्यांच्या रक्तावर झिडोवुडीनचा भार पडे.

म्हणून उपचार सुरू झाल्यावर रक्त घटले, की डॉक्टरांच्या मनात पहिले नाव येई ते झिडोवुडीनचे; आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असे. यामुळेच पंधरवड्याने, महिन्याने आणि तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन तपासण्याचा दंडक घालून दिला गेला. परंतु ज्या थोड्यांचे कारण निराळे असे, ते या 'बहुतेकां'च्या सावलीत झाकले जात.

कारखाना की लूट?

आमचे दिवाणजी त्या थोड्यांपैकी होते. गावठी औषधाचे दोन आठवडे वाया गेल्यावर त्यांना रुग्णालयात नेले, तेव्हा हिमोग्लोबिन पाचाच्याही खाली उतरले होते. प्रथम झिडोवुडीनला दोष देण्यात आला. परंतु एका तरुण डॉक्टरीणबाईंनी अहवाल पुन्हा वाचला. त्यांनी विचारलेला प्रश्न अगदी साधा होता : गोळी बंद होऊन दोन आठवडे झाले, तरी रक्त घटतेच आहे, मग दोष गोळीचा कसा?

झिडोवुडीनने कारखाना मंदावतो, तेव्हा मज्जेतून बाहेर पडणाऱ्या कोवळ्या तांबड्या पेशी कमी होतात आणि असलेल्या पेशी आकाराने मोठ्या दिसतात. डोळे पिवळे होत नाहीत. पेशींची लूट होते, तेव्हा फुटलेल्या पेशींतील रंगद्रव्यापासून पित्तरंजक वाढते, डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, प्लीहा वाढते आणि नुकसान भरून काढण्यासाठी मज्जा कोवळ्या पेशी अधिक पाठविते. एचआयव्हीच्या रुग्णात घोळ होतो तो येथेच. रोगाने वा औषधाने मज्जा आधीच थकलेली असेल तर कोवळ्या पेशी वाढत नाहीत, आणि लूट चालू असूनही कारखानाच बंद पडल्याचा भास होतो. याखेरीज न्यूमोनियाच्या प्रतिबंधासाठी दिली जाणारी सल्फा वर्गातील गोळी, जन्मजात एका विकराची उणीव असलेल्यांच्या तांबड्या पेशी फोडू शकते, तेही पाहावे लागते. साध्या काविळीपासून हे सारे वेगळे करणे, हे माळेचे काम नव्हे.

कूम्ब्स चाचणी झाली. पेशींच्या गुठळ्या झाल्या. पहारेकऱ्याचा हात पकडला गेला.

अशा रुग्णाला रक्त देणेही सोपे नसते. कारण त्याची प्रतिपिंडे जवळजवळ प्रत्येक दात्याच्या पेशींना परके मानतात आणि रक्तपेढीला जुळणारी पिशवी सापडत नाही. अगदी सावकाश, नजरेखाली, एक पिशवी देण्यात आली. स्टेरॉइड वर्गातील प्रेडनिसोलोन सुरू झाले, जे पहारेकऱ्याला आवरते. आणि ज्या गोष्टीने वहिनी चकित झाल्या ती ही की, डॉक्टरीणबाईंनी एचआयव्हीच्या गोळ्या पुन्हा सुरू करण्याचा आग्रह धरला; केवळ झिडोवुडीनच्या जागी दुसरे औषध घातले, जेणेकरून थकलेल्या मज्जेवर अधिक भार पडू नये.

हा आग्रह का, हे समजण्यासाठी तत्कालीन दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. नेव्हिरॅपीन रक्तात दीर्घकाळ रेंगाळते. तिन्ही औषधे एकाएकी सोडली की इतर दोन लवकर निघून जातात आणि काही दिवस नेव्हिरॅपीन एकटेच उरते. एकट्या औषधावर मात करण्याचे तंत्र विषाणू सहज शिकतो. आणि पहिल्या फळीची औषधे निकामी झाली तर दुसऱ्या फळीची मोफत औषधे तेव्हा नव्हती. ती २००८ च्या जानेवारीत, प्रथम मुंबईचे जे. जे. व चेन्नईचे तांबरम या दोनच ठिकाणी मिळू लागली. २००६ च्या जानेवारीतच तेहतीस देशांतील पाच हजारांहून अधिक रुग्णांवर चाललेली एक मोठी चाचणी मध्येच थांबविण्यात आली होती. सीडी-४ संख्येनुसार मधूनमधून औषध बंद ठेवल्यास रुग्णाला लाभ होतो का, हे पाहण्यासाठी ती योजलेली होती. निष्पन्न उलटे झाले : औषध सोडणाऱ्यांत आजार व मृत्यू दोन्ही अधिक होते. तांदळाच्या डब्यातील ती बाटली किती महाग पडू शकली असती, हे आम्हाला पुढे कळले.

दिवाणजी सावरले. महिन्याभरात हिमोग्लोबिन आठावर आले, चौथ्या महिन्यात अकरावर. प्रेडनिसोलोनची मात्रा हळूहळू उतरविण्यात आली. विषाणू आवरला गेला तसे सैन्यातील नाईकही परतले आणि स्वकीयांवरील वार थांबले. पेढीवरच्या वह्यांत त्यांचे मोत्यासारखे अक्षर पुन्हा उमटू लागले. आज ते निवृत्त आहेत आणि नातवंडांना पाढे शिकवितात.

इतिहासाचा हिशेब

या साऱ्या इतिहासाचे तात्पर्य काय? एचआयव्हीवरील उपचाराने रक्त बिघडते, असे कोणी यावरून समजेल तर तो घोर अनर्थ होईल. एकंदर हिशेब मांडला तर उपचाराने रक्त सुधारते. प्लेटलेट वाढतात, रक्तक्षय हटतो. उपचारानंतर स्वतःच्याच रक्तावर हल्ला होणे ही विरळ घटना आहे. परंतु ज्याच्यावर ती ओढवते, त्याच्यासाठी ती विरळ राहत नाही. अशा वेळी रुग्णाला मारते ती केवळ प्रतिपिंडे नव्हेत. घरातील कुजबुज, 'औषध बाधले' हा झटपट काढलेला निष्कर्ष आणि कोणाला विचारावे तर रोगाचे नाव फुटेल ही भीती, यांचाही त्यात वाटा असतो. दिवाणजींच्या घरी लाज नसती, तर गळ्यातील माळेआधी रक्ताची चाचणी झाली असती.

काळ पुढे सरकला आहे. स्टॅव्ह्युडीन मागे पडले, झिडोवुडीनचा वापर पुष्कळ कमी झाला, आणि अलीकडच्या वर्षांत डोल्युटेग्रॅव्हिर असलेली, मज्जेला न दुखविणारी गोळी बहुतेकांना मिळते. २०१७ पासून सीडी-४ संख्या कितीही असो, बाधा आढळताच उपचार सुरू करण्याचे धोरण आपल्या देशाने स्वीकारले. त्यामुळे सैन्य पूर्ण पांगण्याआधीच मदत पोहोचते आणि परतीचा गोंधळ टळण्याची शक्यता वाढते. त्याच वर्षी संमत झालेला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेला एचआयव्ही व एड्सविषयक कायदा भेदभावाला मनाई करतो आणि रुग्णाचे गुपित राखण्याची हमी देतो. तथापि उशिरा येणारे रुग्ण आजही आहेत. कारण कायदा दार उघडतो, पाऊल मात्र माणसालाच उचलावे लागते.

म्हणून पहिल्या सहा महिन्यांत चेहरा पांढरा पडला, डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, हिरड्यांतून रक्त आले किंवा अंगावर जांभळे ठिपके उठले, तर आपण होऊन गोळी थांबवू नये. त्याच दिवशी केंद्रात जाऊन रक्त तपासून घ्यावे आणि गोळ्या सुरू केल्याची तारीख न लपवता सांगावी. कोणते औषध बदलावयाचे आणि कोणते चालू ठेवावयाचे, हा निर्णय रक्ताचा अहवाल पाहून डॉक्टरांनी घ्यावयाचा आहे.

एर्लिख यांनी म्हटले होते की, शरीराला स्वतःवर शस्त्र उगारण्याचे भय असते. रक्ताने त्यांना चुकीचे ठरविले. समाजाच्या शरीरालाही असे भय असावे, अशी आमची भाबडी समजूत होती. परंतु एके काळी आपल्याच माणसांना परके मानून आपणही वार केलेच. दिवाणजी बरे होऊन पेढीवर परतले, त्या दिवशी मालकांनी काही न विचारता त्यांच्यापुढे वही सरकवली आणि चहा मागविला. दोघांनी एकाच तबकातून कप उचलले. आम्ही समोरच्या बाकावर बसून हे पाहिले. शाहूपुरीच्या इतिहासात ही नोंद कोठे सापडणार नाही, म्हणून ती आम्ही येथे करून ठेवीत आहोत.